दैव हे पाचवे कारण

चैत्र लागला की माळव्यातील गव्हाची शेते पिवळी होतात आणि गावोगाव मळणीच्या यंत्रांची घरघर ऐकू येऊ लागते. इंदुराहून देवासच्या किंवा उज्जैनच्या रस्त्याने सायंकाळी जाणाऱ्यास दोन्ही अंगांस भुशाचे धुके तरंगताना दिसते. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे फळ पदरी पडण्याचा हा काळ. घरोघर नवा गहू येतो, गुढ्या उभारल्या जातात, देवापुढे नव्या धान्याचा नैवेद्य होतो. परंतु याच आनंदाच्या दिवसांत शहरांतील रुग्णालयांत खेड्यांतून अशीही माणसे आणली जातात, की ज्यांची बोटे, तळहात किंवा कोपरापर्यंतचा हात मळणीयंत्राने ओढून नेलेला असतो. सुगीच्या या दुसऱ्या बाजूकडे आपले लक्ष सहसा जात नाही, आणि गेलेच, तर “दैवगती!” एवढा एक उद्गार काढून आपण पुढे चालू लागतो. या उद्गाराचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देवळाच्या पत्रिकेत यंत्रांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे, की प्रश्न यंत्राचा नसून धर्माचा आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे शहरात राहत असली, तरी त्यांची थोडीबहुत जमीन खेड्यात आहे. ती कोठे बटाईने दिलेली असते, कोठे गड्यांकरवी कसली जाते. ज्यांची जमीन नाही तेही अन्न खातातच. तेव्हा धान्य आपल्या घरी कोणत्या वाटेने आले, हे पाहणे आपल्या कर्तव्याबाहेरचे नाही. शिवाय मला हा प्रश्न पोथीतून सुचलेला नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत माझ्यापुढे आला, आणि त्याचे उत्तर देताना मी निरुत्तर झालो. ती हकीकत प्रथम सांगतो.

१९९६ सालच्या चैत्रातील गोष्ट. आमच्या कुटुंबाची देवासच्या पुढे एका खेड्यात थोडी जमीन होती. त्या वर्षी मळणीच्या दिवसांत घरातर्फे देखरेख ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. यंत्र शेजारच्या गावच्या एका गृहस्थांचे. तासाच्या भाड्याने आणलेले, ट्रॅक्टरवर चालणारे. अशा यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या आत सारण्यासाठी पत्र्याची एक पन्हळ असते. तिच्या आतल्या भागावर पत्र्याचे झाकण असते. हेतू हा, की पेंढी सारणाऱ्याचा हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचूच नये. ते झाकण काढून ठेवलेले होते. झाकणाखालून पेंढी अडत अडत जाते, मोकळ्या तोंडातून भराभर जाते, असे सर्वांचे म्हणणे. ते झाकण कडुलिंबाच्या बुंध्याशी टेकवलेले मी पाहिले. इतकेच नव्हे, तर दुपारी चहा आला तेव्हा तेच आडवे घालून त्यावर आम्ही पेले ठेवले. आकाशात ढग जमत होते. गारा पडल्या तर हाती आलेले पीक जाईल, या भीतीने रात्रीही काम चालू ठेवावयाचे ठरले.

रात्री अकराच्या सुमारास यंत्राचा आवाज एकाएकी बदलला. बाविशीतला एक मजूर सकाळपासून पेंढ्या सारीत होता. आखूड काडाची, किंचित दमट अशी एक पेंढी तोंडाशी अडकली. तिला त्याने तळहाताने रेटा दिला, आणि पेंढीबरोबर हात आत गेला. ट्रॅक्टर बंद करावयाचा तो माणूस यंत्राच्या पलीकडे भुसा ओढीत होता. तो धावत येईपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेले. ट्रॉलीत घालून आम्ही त्या मुलाला शहरात नेले. प्राण वाचले, उजवा हात कोपराखाली गेला.

आमच्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी उपचाराचा खर्च दिला, वर काही रक्कम आणि गव्हाची पोती दिली. आपण माणुसकीने वागलो, असे आम्हा सर्वांस वाटले. चौथ्या दिवशी त्या मुलाची आई खळ्यावर आली. ती रडली नाही, भांडली नाही. “झाकण कोणी काढले?” एवढेच तिने विचारले.

यंत्राचे मालक म्हणाले, शेतकऱ्यांनाच घाई असते, झाकण ठेवले तर माझे यंत्र कोणी नेत नाही. मुकादम म्हणाला, पोरांनाच मोकळे तोंड बरे वाटते. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मी आलो तेव्हा ते निघालेलेच होते. मी काहीच बोललो नाही. त्या झाकणावर मी चहा प्यालो होतो. मी काय बोलणार? प्रत्येकाचे म्हणणे आपापल्यापुरते खरे होते, आणि तरीही त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नव्हते.

अशा प्रसंगी आपला समाज दोनच उत्तरे देतो. पहिले उत्तर, त्याच्या नशिबातच होते. दुसरे उत्तर, त्याचाच निष्काळजीपणा. वरवर पाहता ही दोन उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. एकात माणसाच्या हाती काहीच नाही, तर दुसऱ्यात सर्व काही त्या एकाच माणसाच्या हाती आहे. परंतु नीट पाहिले असता दोन्हींचा परिणाम एकच होतो. दोन्ही उत्तरांनी खळ्यावरील बाकीचे सर्वजण मोकळे होतात.

पहिल्या उत्तरास आपण धर्माचा आधार आहे असे समजतो. पूर्वकर्माचे फळ म्हणून दुःख येते, मग दुसऱ्याने त्यात काय करावे, असा हा युक्तिवाद. पण आपल्याच परंपरेने या युक्तिवादावर केवढा तीव्र आक्षेप घेतला आहे, हे आपण विसरतो. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांचा साथी समजून राजाने त्या निरपराध तपस्व्याला सुळावर चढविले. पुढे ऋषींनी प्रत्यक्ष धर्मास जाब विचारला, की माझ्या कोणत्या पापाचे हे फळ? बालपणी तुम्ही कीटकांस गवताच्या काडीने टोचले होते, असे धर्माने सांगितले. यावर ऋषी समाधान पावून परतले काय? नाही. एवढ्याशा अपराधास एवढी मोठी शिक्षा देणारा न्याय हा न्यायच नव्हे, असे म्हणून त्यांनी साक्षात धर्माला शाप दिला, आणि चौदा वर्षांच्या आतील मुलाच्या कृत्यास पाप मानू नये, अशी मर्यादा घालून दिली. त्या शापामुळेच धर्म विदुर होऊन जन्मला, असे कथा सांगते. तात्पर्य, दुसऱ्याच्या वेदनेकडे पाहून “त्याचे पूर्वकर्म” म्हणणे ही धार्मिकता नव्हे. पूर्वकर्माचा विचार स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी उपयोगी पडेल. दुसऱ्याच्या दुःखातून आपले अंग काढून घेण्यासाठी तो वापरणे हा त्या विचाराचा दुरुपयोग आहे.

मग दैव म्हणून काही नाहीच काय? असेही मी म्हणत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. यांतील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दैव आहे, पण ते पाचवे आहे. आपण मात्र मोजणी शेवटापासून सुरू करतो आणि तेथेच संपवतो. शिवाय त्याच ठिकाणी गीता असेही बजावते, की ही पाच कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला यथार्थ दिसत नाही. हे तत्त्व अहंकार घालविण्यासाठी सांगितले आहे, हे खरे. पण ज्या न्यायाने यशाचे सर्व श्रेय एकट्या माणसास घेता येत नाही, त्याच न्यायाने अपघाताचा सर्व दोषही एकट्या मजुराच्या माथी मारता येत नाही. आपली दोन्ही ठराविक उत्तरे या एका विचारापुढे टिकत नाहीत. तेव्हा त्या रात्रीची चार कारणे क्रमाने पाहू. पाचव्याकडे मागाहून वळू.

अधिष्ठान म्हणजे कर्माचे स्थान. आमचे खळे उंचसखल होते. पेंढी सारणारा पेंढ्यांच्याच ढिगावर उभा होता, आणि काड ही किती निसरडी वस्तू आहे हे शेतकऱ्यास सांगावयास नको. पाय सरकला की माणूस सावरण्यासाठी हात पुढे करतो, आणि पुढे तर यंत्राचे तोंड होते. उजेडासाठी खांबावर एकच दिवा होता. त्याच्यापुढे भुशाचा पडदा. ही जागा कोणाची? आमची.

कर्ता म्हणजे तो मुलगा. तो सकाळपासून उभा होता. जेवणाची सुट्टी सोडली तर त्याला बदली दिलेली नव्हती. एकच हालचाल शेकडो वेळा केली की हात आपोआप चालू लागतो आणि मन पेंगू लागते, हा देहाचा धर्म आहे. त्याला निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे तहान लागण्याला दुर्गुण म्हणण्यासारखे आहे. यंत्राचे काम त्याला कोणी शिकवले नव्हते. बायकांचे पदर, पुरुषांची धोतरे आणि गळ्यातील उपरणी फिरत्या पट्ट्यात सापडून जे अनर्थ होतात, त्यांचेही मूळ येथेच असते. माणूस यंत्राजवळ उभा केला जातो, पण यंत्राची ओळख त्याला करून दिली जात नाही.

करण म्हणजे साधन. याचा विचार थोडा विस्ताराने करावा लागेल, कारण साधन बदलले तरी आपली समजूत बदललेली नाही. पूर्वी खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवीत, त्याभोवती बैलांची पात फिरे, आणि त्यांच्या खुरांखाली कणसे मळली जात. त्या कामातही इजा होई. बैल शिंग मारी, पायावर खूर पडे. परंतु वाटेत मूल आडवे आले तर बैल थबकतो. त्याला डोळे आहेत, त्याला भीती आहे, आणि थकला म्हणजे तो चालेनासा होतो. म्हणजे सावधपणाचा मोठा वाटा त्या मुक्या प्राण्याच्या अंगी होता. आपण तो फुकट वापरीत होतो आणि त्याची आपणांस जाणीवही नव्हती. यंत्रास डोळे नाहीत. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस यंत्र फिरविणारा जो दांडा असतो, त्याची प्रमाणित गती मिनिटास ५४० फेरे आहे. म्हणजे एका सेकंदात ९ फेरे. धोका दिसल्यापासून हात मागे घेण्यास सुरुवात होईपर्यंत चपळ माणसासही सेकंदाचा सुमारे पाव भाग लागतो. तेवढ्यात तो दांडा दोन फेरे पुरे करून तिसऱ्यात असतो. अशा साधनापुढे “जपून काम कर” या उपदेशाला काय अर्थ उरतो? बैल गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा सावधपणाही गेला. तो आता कोणीतरी पत्र्याच्या, खिळ्यांच्या आणि नियमांच्या रूपाने यंत्रात परत घातला पाहिजे. झाकण हे त्या बैलाचे डोळे होत. ते आम्ही कडुलिंबाखाली ठेवले होते.

राहिल्या चेष्टा, म्हणजे कर्म होताना चाललेले निरनिराळे व्यापार. यंत्राचे भाडे तासाचे, म्हणून प्रत्येक मिनिट म्हणजे आमचे पैसे. मजुरी दिवसाची, म्हणून रात्रीचे तास जवळजवळ तेवढ्याच पैशांत. ढग वर, म्हणून घाई. पेंढी दमट, म्हणून अडकणे. यंत्र थांबवून ती काढावी तर पुन्हा चालू करण्यास वेळ लागतो, म्हणून हाताने रेटणे. यांतील एकेक व्यापार क्षुल्लक आहे. कोणीही त्या मुलाचे वाईट इच्छिले नव्हते. तरीही या क्षुल्लक गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांनी मिळून एक हात तोडला. आधुनिक जीवनातील पुष्कळशी हिंसा अशीच घडते. तिच्यात क्रोध नसतो, द्वेष नसतो. असतो तो केवळ हिशेब, आणि कोणीतरी दुसरा लक्ष देईल हा भरवसा. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारे आम्ही, अशा हिंसेला हिंसा म्हणावयास मात्र कचरतो.

आम्हांस माहीत नव्हते, असे म्हणण्याचीही सोय नव्हती. गव्हाचे नवे वाण आणि त्यांबरोबर मळणीयंत्रे देशभर पसरली, तसे हे अपघात इतके वाढले की त्यांची दखल सर्व देशास घ्यावी लागली. भारतीय मानक संस्थेने १९७९ साली मळणीयंत्रांच्या सुरक्षिततेचे मानक प्रसिद्ध केले. पेंढी सारण्याची पन्हळ किमान ९० सेंटीमीटर लांब असावी आणि तिचा ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे माप त्यात आहे. ही मापे साधीच आहेत. माणसाचा हात जेथवर पोचतो, त्याच्यापलीकडे दाते असावेत, एवढेच त्यांचे तत्त्व. पुढे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. धोकादायक यंत्र म्हणजे काय, याच्या व्याख्येत त्या कायद्याने शेतीतील शक्तिचालित मळणीयंत्राचे नाव घातले, इतर यंत्रे त्यात घालण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला, आणि यंत्रावर काम करताना मृत्यू अथवा इजा झाल्यास भरपाईची तरतूद केली. म्हणजे १९९६ साली मानक होते, कायदा होता, झाकणही होते. नव्हता तो फक्त ते झाकण जागेवर बसविणारा माणूस.

यात दोष कोणाचा किती, हे ठरविण्याचा प्रयत्न प्राचीनांनीही केलेला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी काही नियम आहेत. त्या ग्रंथातील अनेक वचने आज आपण अन्याय्य म्हणून त्याज्य मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या नियमांमागील विचार पाहण्यासारखा आहे. जू मोडले, आस तुटला, लगाम तुटला, किंवा हाकणाऱ्याने “बाजूला व्हा” म्हणून ओरडून सांगितले असताना अपघात झाला, तर दंड नाही. येथे दैवाला त्याची जागा दिली आहे. पण हाकणाऱ्याच्या अकुशलतेमुळे गाडी भरकटून इजा झाली, तर दंड गाडीच्या मालकास, आणि तो २०० पण. हाकणारा कुशल असेल, तर दंड त्याला. याहून मार्मिक नियम पुढचा आहे: अकुशल हाकणाऱ्याच्या गाडीत जे बसले असतील, त्या सर्वांसही प्रत्येकी १०० पण दंड. गाडी त्यांची नाही, लगाम त्यांच्या हाती नाही. तरी ते बसले, आणि त्या गाडीचा लाभ त्यांनी घेतला, एवढा दोष त्यांच्याकडे येतो.

हा नियम वाचला तेव्हा मला तो चहाचा पेला आठवला. मी यंत्र चालवीत नव्हतो, यंत्र माझे नव्हते. पण मी त्या गाडीत बसलो होतो. किंबहुना त्या वर्षीचा गहू ज्यांच्या ज्यांच्या ताटात गेला, ते सारे थोड्याबहुत प्रमाणात त्या गाडीत बसले होते. दोष सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच राहत नाही, असा एक धोका येथे आहे. तो टाळण्याचा मार्ग मनूच्या नियमातच सुचविलेला आहे: वाटा सर्वांचा, पण सारखा नव्हे. ज्याच्या हाती थांबविण्याची सत्ता अधिक, त्याचा वाटा अधिक. खळ्यावर “झाकण बसवा, मगच यंत्र चालू करा” असे म्हणण्याची सत्ता त्या मजुरापेक्षा मुकादमास अधिक होती, मुकादमापेक्षा यंत्राच्या मालकास अधिक होती, आणि ज्याच्या पैशाने यंत्र आले होते त्या आम्हांस सर्वांत अधिक होती.

यावर कोणी म्हणेल, की मजूर अज्ञान बालक नव्हता. झाकण नाही हे त्यास दिसत होते, तरीही त्याने काम पत्करले, म्हणजे धोका त्याने आपण होऊन स्वीकारला. हा आक्षेप मलाही बरीच वर्षे समाधान देत असे. पुढे एकदा त्या गृहस्थाची भेट झाली. तो तेव्हा एका गोदामावर रात्रीचा पहारेकरी होता. बोलता बोलता मी धीर करून त्या रात्रीचा विषय काढला. तो म्हणाला, झाकण लावा असे माझ्या ओठांवर आले होते. पण सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी मला बोलावले नसते. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, म्हणून ते मला अधिक लागले. ज्याला “नाही” म्हणता येत नाही, त्याच्या “हो”ला संमती म्हणता येईल काय? घाईने वाचलेले तास आमच्या खात्यात जमा झाले. घाईचा धोका त्याच्या हाताच्या खात्यात पडला. लाभ एकाचा आणि संकट दुसऱ्याचे अशी जेथे वाटणी होते, तेथे संकट कमी करण्याची जबाबदारी लाभ घेणाऱ्याची असते. न्यायाचे हे तत्त्व समजण्यास पांडित्य लागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. असे जपत बसले तर काम रेंगाळेल, पाऊस येईल, पीक जाईल. हे भय खोटे नाही. चैत्रातील गारा मी पाहिल्या आहेत. परंतु भिजलेला गहू कमी भावाने का होईना विकता येतो, आणि पुढच्या वर्षी शेत पुन्हा पिकते. हात पुन्हा उगवत नाही. दोन हानींची तुलना करताना कोणती भरून येणारी आणि कोणती न भरून येणारी, हे पाहणे हाच विवेक. तिसरा आक्षेप असा ऐकतो, की आता कापणी-मळणी एकत्र करणारी मोठी कंबाईन यंत्रे आली, तेव्हा हा प्रश्न जुना झाला. पण लहान वावरांत आणि सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्र अद्याप चालतेच. आणि कंबाईनच्याही पात्यांत अडकलेले काड इंजिन चालू ठेवून हाताने काढणारी माणसे आहेतच. यंत्राची उंच बाजू शेतावरील विजेच्या तारेस लागूनही अनर्थ होतात. साधन नवे आले, तरी झाकण काढून ठेवण्याची आपली वृत्ती जुनीच राहिली, तर अपघातही नव्या रूपाने येत राहतील.

म्हणून यंत्रच नको, असे म्हणणारा मी नव्हे. १८३० साली इंग्लंडात केंट परगण्यातील शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, कारण हिवाळ्यातील त्यांचे काम त्या यंत्रांनी हिरावून घेतले होते. त्यांचे दुःख खरे होते, पण यंत्रे फुटून थांबली नाहीत. मळणीयंत्राने आपल्या शेतकऱ्याचे आणि मजुराचेही कितीतरी कष्ट वाचविले आहेत. तक्रार यंत्राविरुद्ध नसून, यंत्राला त्याचे सारे अवयव न देता ते कामास जुंपणाऱ्या आपल्याविरुद्ध आहे.

आता पाचव्या कारणाकडे वळू. जागा सपाट व उजेडाची असावी, माणसे ताजी व शिकविलेली असावीत, यंत्र झाकलेले असावे, कामाची रीत सावकाश असावी. एवढे सर्व करूनही एखादे वेळी लोखंडात न दिसणारी चीर असते, पट्टा तुटतो, आणि माणूस जायबंदी होतो. तेथे हात जोडून “दैव” म्हणावे. तो उद्गार तेव्हा नम्रतेचा होईल. आधीची चार कारणे आपल्या हाती असताना ती सोडून देऊन जो दैवाचे नाव घेतो, तो दैवावर खोटा आळ घेतो, असे मला वाटते.

शेवटी काही साध्या गोष्टी सुचवितो. आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांनी भाड्याचे यंत्र ठरविताना झाकण आणि पट्ट्यावरील जाळी जागेवर असल्याशिवाय ते खळ्यात घेऊ नये, आणि त्यामुळे जो वेळ अधिक लागेल त्याचे भाडे कुरकुर न करता द्यावे. पेंढी अडकली तर आधी ट्रॅक्टर बंद, मग हात. तो बंद करणारा माणूस त्याच्याजवळून हलता कामा नये. पेंढ्या सारणाऱ्यास ठराविक वेळाने बदली द्यावी. मुले, सैल वस्त्रे आणि मद्य यांस खळ्याच्या आसपास थारा नसावा. अपघात झालाच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरून विनाविलंब रुग्णालय गाठावे. तुटलेला भाग मिळाल्यास स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी, तो भाग थेट बर्फावर ठेवू नये. आणि भरपाई हा मजुराचा हक्क आहे, आपले दान नव्हे, हे ध्यानात ठेवून ती द्यावी. आमच्या घराने दिलेली पोती आम्ही दान म्हणून दिली होती, याची मला आज लाज वाटते.

खंडेनवमीस आपण अवजारांची पूजा करतो. ज्या साधनांनी आपले पोट भरते त्यांपुढे नम्र व्हावे, ही त्या पूजेमागील सुंदर भावना. त्या वर्षीच्या नवमीस त्याच मळणीयंत्राला झेंडूची माळ घातलेली मी पाहिली. पन्हळीवर हळदकुंकू होते, झाकण नव्हते. मीही नमस्कार करून आलो. साधनाची पूजा म्हणजे त्याला फुले वाहणे एवढेच नव्हे. त्याचा एकेक भाग जागेवर आहे की नाही हे पाहणे, सैल झालेला खिळा आवळणे, आणि ज्याचा हात उद्या त्याला लागणार आहे त्याला त्याची ओळख करून देणे, हाही त्या पूजेचा विधी आहे. येत्या नवमीपासून आपल्या सभासदांनी माळ घालण्यापूर्वी झाकण बसवावे, एवढी माझी विनंती आहे.

त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. ते आज देतो. झाकण काढताना मी नव्हतो. पण ते काढलेले मी पाहिले, आणि तसेच राहू दिले. आपल्यापैकी कोणावरही असे उत्तर देण्याची वेळ न येवो.